99 रुपयात 14 डोमेन घेऊन बसलो, आता रिन्यूचं बिल आलं. डॉट फार्म, डॉट शॉप असल्या नावाचा विकायचा भाव काढाव कसा?

सेतूवाला (वरुड)
राम राम मंडळी. लय दिवसानं लिहून राह्यलो. आपलं वरुड तालुक्यात सेतू केंद्र हाये, सातबारा, पीक विमा, केवायसी हेच सकाळपासून रात्रीपर्यंत. मागच्या दिवाळीत सर्व्हर डाऊन होतं, गिऱ्हाइकाचं काम होत नव्हतं, अन एका कंपनीचा सेल लागला होता तर बसल्या बसल्या म्या एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं. 99 रुपयात. मंग अजून एक. असं करता करता चौदा झाले. युट्यूबवर एक पोट्टा सांगत होता का डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा प्लॉट, आज घ्या अन पाच वर्षानं दहापट. मले वाटलं समृद्धीच्या बाजूले जमीन घ्याची तर आपली ऐपत नाही, हेच घेऊन ठेवू.

आता वर्ष भरत आलं अन बिल आलं, चौदाचे मिळून 34,550, जीएसटी वेगळा. घेतले तवा सगळे मिळून तीन हजारही नव्हते लागले.

फुकट भाव सांगणाऱ्या एका साइटवर नाव टाकलं तर 1,100 डॉलर दाखवते, दुसऱ्या साइटवर त्याच नावाचे 40 डॉलर. अन आठ दिवसाआधी एक मेल आला, एक माणूस संत्रा डॉट फार्मचे 8,000 डॉलर देतो म्हणते. घरी सांगतलं तर बुढा म्हणे आधी पैसा दाखव मंग बोल.

कोणतं ठेवू, कोणतं सोडू? ज्याले समजते त्यानं सांगा, हसणाऱ्यानं हसून घ्या.

पऱ्हाटी
हसून घेतलं. चौदा? अबे यखादं कुत्रं पाळलं असतं तर राखण तरी केली असती.

झाडीपट्टी
मी पण थांबतो इथं. माझ्याकडे तीन आहेत, बायकोला माहीत नाही.

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
सेतूवाला भाऊ, भावाचं नंतर बोलू, आधी त्या मेलचं सांगा. त्याला उत्तर दिलं का? आणि दुसऱ्या मेलमध्ये त्यानं 'मूल्यांकन प्रमाणपत्र' मागितलं का?

सेतूवाला (वरुड)
हो ना बावा! कसं ओळखलं? तो म्हणते त्याच्या इन्व्हेस्टरले सर्टिफिकेट पाहिजे, त्याशिवाय पैसे सुटत नाही. एका चर्चेची लिंक पण देल्ली, तिथं कोनीतरी लिहेल होतं का अमुक साइटवर चांगलं सर्टिफिकेट भेटते, 90 डॉलर लागते. म्या कार्ड काढलंच होतं.

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
कार्ड परत पाकिटात ठेवा. ही या धंद्यातली जुनी ठकबाजी आहे, वीस वर्षं तरी चालू असेल. मेल करणारा, त्या चर्चेत सल्ला देणारा आणि सर्टिफिकेट विकणारा, तिघं एकच. तुम्ही 90 डॉलर भरले की 'अभिनंदन, तुमच्या नावाची किंमत 11,000 डॉलर' असा कागद येतो आणि घेणारा गायब होतो. खऱ्या घेणाऱ्याला सर्टिफिकेट लागतच नाही, कारण त्याला नाव पाहिजे असतं आणि किती द्यायचे ते त्यानं त्याच्या डोक्यात आधीच ठरवलेलं असतं. तो उलट भाव पाडून बोलतो, पहिल्याच मेलमध्ये 8,000 कोण देतं?

म्हणजे बाबांनी जे विचारलं तेच बरोबर.

पऱ्हाटी
बुढ्याइले सगळं समजते. आमच्याइकडं व्यापारी वावरात येऊन बोंड हातात घेऊन पाह्यते अन तोंड वाकडं करते, तवा समजाचं का याले माल घ्याचा हाये. जो आल्याआल्या तारीफ करते तो घेत नसते.

सेतूवाला (वरुड)
बरं. लिस्ट देतो मंग.

डॉट फार्मचे पाच: नागपूरसंत्री, वरुडऑरेंज, विदर्भकॉटन, देशीतूर अन नुसतं संत्रा.
डॉट शॉपचे तीन: वायगावहळद, भिवापूरमिरची, जवसचटणी.
डॉट एक्सवायझेडचे तीन: एका ट्रॅक्टर कंपनीचं नाव, आमच्या भागातल्या एका बँकेचं नाव, अन एक सहा आकडी नंबर.
मंग शेती डॉट गुरू, सेतूसेवा डॉट ऑनलाइन अन वरुडसंत्रा डॉट इन.

फार्मवाल्याचं रिन्यू एकाचं 3,200, शॉपचं 3,100, एक्सवायझेडच्या दोघाचं एकेकाचं 1,250 अन नंबरवाल्याचं 100च. गुरू 3,100, ऑनलाइन 2,700, इन 850.

धागापाल
फक्त आठवण: चर्चा चालू द्या, पण इथं कोणी 'मी घेतो, मी विकतो' चालू करू नका, आणि ट्रॅक्टर कंपनीचं नाव लिहिलं नाही ते बरं केलं.

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
आता निवांत बसून लिहितोय, लांबेल. मी 2013 पासून हे करतोय, नोकरी सांभाळून, त्यामुळे माझंही बरंच बुडालंय हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, भाव दोन असतात. एक भाव म्हणजे ज्याला तेच नाव पाहिजे असा धंदेवाला कधीतरी येऊन देईल तो, आणि दुसरा म्हणजे आज रात्री पैशाची गरज पडली तर दुसरा डोमेनवाला रोख काय देईल तो. आपल्याकडे खेडा खरेदी असते ना, व्यापारी दारात येऊन कापूस नेतो आणि भाव त्याचा, तसा हा दुसरा भाव. चांगल्या डॉट कॉमला हा दुसरा भाव असतो, कोणीतरी काहीतरी देतंच. तुमच्या चौदापैकी तेराला हा दुसरा भाव शून्य आहे. म्हणजे राहिला फक्त पहिला, आणि तो येणाऱ्या गिऱ्हाइकावर अवलंबून. ते गिऱ्हाईक कोण, त्याचा चेहरा डोळ्यासमोर येतो का, हे प्रत्येक नावाला विचारा. चेहरा आला नाही तर नाव सोडा.

दुसरं म्हणजे दरवर्षीचं भाडं. या धंद्यात लोक असं धरतात की शंभर नावं असली तर वर्षात एखाद-दुसरं विकलं जातं, आणि ते पण बऱ्या नावांचं. तुमची चौदा, म्हणजे पाच वर्षांत एक गेलं तरी नशीब. पाच वर्षांचं बिल किती? 34,550 गुणिले पाच, 1,72,750. म्हणजे ते एक नाव पावणेदोन लाखाला गेलं तर तुम्ही जिथं होता तिथंच. विदर्भकॉटन डॉट फार्मला पावणेदोन लाख देणारा माणूस मला दाखवा.

बरं, हे भाडं पण कायम नाही. डॉट कॉमचा घाऊक दर करारानं बांधलेला आहे, वाढतो पण ठरलेल्या टक्क्यानं, 2024 मध्ये तो 10.26 डॉलर झाला. डॉटनंतरचं फार्म, शॉप हे जे शेपूट असतं ना, त्यातल्या नवीन शेपटांना असा काही बांध नाही, ज्या कंपनीकडे शेपूट आहे ती पाहिजे तेवढा वाढवू शकते. 2017 मध्ये युनिरजिस्ट्री नावाच्या अशाच एका कंपनीनं आपल्या बऱ्याच शेपटांचे दर एकदम वाढवले, काहींचे तर कित्येक पटीनं, तेव्हा गोडॅडीसारख्या मोठ्या विक्रेत्यानं ती विकणंच बंद केलं. ज्यांनी डझनानं घेऊन ठेवली होती त्यांचं काय झालं असेल विचार करा. माझी त्यात चार होती, आकडा विचारू नका.

पऱ्हाटी
शेपूट हे मले आवडलं. म्हणजे गायीचं नाव कपिला अन शेपूट दर साली नवीन भाड्यानं.

बाकी हे सारं कापसासारखंच दिसते मले. 2021-22 ले कापूस दहा हजाराच्या वर गेलता, मंग पुढच्या साली सगळ्याइनं घरात भरून ठेवला का यंदा बारा होईन, पोट्ट्याइच्या अंगाले खाज सुटली पण भाव काही सुटला नाही. शेवटी पेरणीच्या तोंडावर भेटन त्या भावात काढला. पण एक हाये, कापूस शेवटी कोनीतरी घेतेच. तुमचं हे कोनी घेतच नाही का मंग?

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
नाही घेतलं तर मुदत संपली की जातं, हवेत. कापसाची गादी तरी होते.

हळदुली
मी समुद्रपूर तालुक्यातली, आमच्या बचत गटाची हळद आहे आणि सेतूवाले दादा तुमची लिस्ट पाहून दचकलेच, वायगावहळद तुम्ही घेऊन बसले होय! तर मग मी म्हणजे ते चेहरावालं गिऱ्हाईक समजा. आता गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐका.

वायगावच्या हळदीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, भिवापूरच्या मिरचीला पण त्याच वर्षी, नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये. म्हणजे नावाला किंमत आहे हे खरंच. पण ती किंमत नावाची आहे, आणि जीआय म्हटलं की ते त्या गावच्या पिकवणाऱ्या सगळ्यांचं नाव, एकाच्या खिशात टाकून दुसऱ्याला विकायचं हे मला तरी बरं नाही वाटत. ते जाऊ द्या.

मी ते नाव का नाही घेणार सांगते. मराठी शब्द इंग्रजी अक्षरात लिहायचा म्हटलं की तीन माणसं तीन तऱ्हेनं लिहितात. वायगावमध्ये डब्ल्यू का व्ही, एक ए का दोन, हळदमध्ये एलनंतर ए लावायचा का नाही, की हिंदीवाल्यासारखं हल्दी. पाकिटावर छापलं तर ठीक आहे, बघून टाकतील. पण आमचं गिऱ्हाईक फोनवर विचारतं. मी एकदा माझ्या मावशीला अमरावतीला फोन करून एक वेबसाइट सांगितली होती, शेवटी डॉट शॉप आहे म्हटलं, तर ती म्हणे हो हो दुकानातूनच घेते, पण पत्ता तर सांग.

आमचा सगळा माल व्हॉट्सॲपवर जातो. वेबसाइटचं नाव 500 रुपयात मिळालं तर घेऊ, 5,000 म्हटलं तर आम्ही दुसरं नाव ठेवू. वर्षाला 3,100 तर नाहीच, तेवढ्यात चक्कीचं बिल निघते.

सेतूवाला (वरुड)
ताई माफ करा, तुमच्या गावचं नाव घेतलं तवा एवढा विचार नाही केला. फुकट देतो तुमाले, घेता का?

हळदुली
फुकट घेतलं तरी 3,100 मलाच भरावे लागतील ना! नको दादा 😀

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
बघा, ताईंनी एका परिच्छेदात जे सांगितलं ते भाव काढणाऱ्या कुठल्याच मशीनला कळत नाही. मशीन काय करतं, शब्द किती लांब, आधी तसल्या नावांची विक्री किती झाली, लोक गूगलवर किती शोधतात, असं जोडून आकडा देतं. 'संत्री' आणि 'संत्रा' मधला फरक त्याला माहीत नाही, म्हणून एकीकडे 1,100 आणि दुसरीकडे 40. दोन्ही आकडे विसरा.

फोनची परीक्षा मी पण लावतो. नाव फोनवर एकदाच सांगायचं आणि समोरच्याला लिहायला लावायचं. माझ्या अनुभवात दहातले सहा-सात जण शेपूट काही सांगा, शेवटी डॉट कॉमच टाकतात. हे आपल्या गावातलंच नाही बरं. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक कंपनीनं 2010 मध्ये कोलंबियाच्या शेपटावरचं एक अक्षरी नाव, ओ डॉट को, साडेतीन लाख डॉलरला घेतलं, टीव्हीवर जाहिराती केल्या, स्टेडियमला नाव दिलं, आणि लोक ओ डॉट कॉमच टाकायला लागले. पुढच्याच वर्षी त्यांना जुन्या नावाकडे परत यावं लागलं. एवढा पैसा असलेल्यांचं हे झालं.

मग नवीन शेपटाचं नाव कधीच विकलं जात नाही का, तर जातं. डॉटच्या दोन्हीकडचे शब्द मिळून सरळ एक शब्द झाला पाहिजे आणि त्या धंद्यात पैसा पाहिजे. व्हेकेशन डॉट रेंटल्स पाच लाख डॉलरच्या वर गेलं, वाईन डॉट क्लब 1,40,000 ला गेलं. वाचताना डॉट दिसतच नाही, असं. तुमचं देशीतूर डॉट फार्म वाचा बरं. देशी तूर इंग्रजीत लिहिली तर परदेशी माणूस 'टूर' वाचेल, त्याला वाटेल सहलीचं काहीतरी आहे.

पऱ्हाटी
देशी टूर 😂😂 चला माहूर, शेगाव, चिखलदरा, तुरीच्या डाळीसहित.

बुल_रन
तुम्ही सगळे उगाच निगेटिव्ह बोलून राहिले. शेपूट बरोबर निवडलं का पैसा आहे. डॉट एआय बघा ना, अँग्विला म्हणून एवढंसं बेट, पंधरा-सोळा हजार लोकसंख्या, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा कमी, 2023 ला नुसत्या डोमेनमधून 3.2 कोटी डॉलर कमावले, सरकारच्या उत्पन्नाचा पाचव्या हिश्शाहून जास्त. डोमेनवाल्यांनी पण छापले. सेतूवाला भाऊ ते फार्म बिर्म सोडा अन संत्रा डॉट एआय घ्या, शेती अन एआय दोन्ही येते.

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
आकडा बरोबर आहे, पण तो बेटाचा गल्ला आहे भाऊ, घेणाऱ्यांचा नाही. त्यात नावं धरून बसलेल्यांनी भरलेलं भाडं पण आलं. डॉट एआय एका वेळी कमीत कमी दोन वर्षांसाठी घ्यावं लागतं आणि दोन वर्षांचे बारा-तेरा हजार सहज जातात. चांगले इंग्रजी शब्द कधीच गेले, उरलेत ते संत्रा.

आणि लाटेचं म्हणाल तर अशा तीन येऊन गेल्या. 2006 मध्ये डॉट मोबी आलं, मोबाइलचा जमाना येतोय म्हणून लोक तुटून पडले, फ्लॉवर्स डॉट मोबी दोन लाख डॉलरला गेलं. मोबाइलचा जमाना खरंच आला, आपल्या गुराख्याच्या हातात पण आला, पण वेगळं शेपूट कोणाला लागलंच नाही कारण साधी वेबसाइटच मोबाइलवर नीट दिसायला लागली. तेच नाव पुढे काही हजार डॉलरमध्ये फिरलं. म्हणजे अंदाज बरोबर आणि माल चुकीचा. 2014 मध्ये डॉट गुरू आलं, सुरुवातीला नवीन शेपटांमध्ये सगळ्यात पुढे होतं, मी पण दोन घेतली, आता कोणी विचारत नाही. डॉट एक्सवायझेडचं तर अजून गमतीशीर. त्याच वर्षी एका मोठ्या विक्रेत्यानं आपल्या गिऱ्हाइकांच्या खात्यात न विचारता फुकट टाकून दिली, त्यामुळे नोंदणीचा आकडा फुगलेला दिसला आणि लोकांना वाटलं खूप मागणी आहे. पुढच्या वर्षी गूगलच्या वरच्या कंपनीनं, अल्फाबेटनं, एबीसी डॉट एक्सवायझेड घेतलं तेव्हा तर धावपळ झाली.

म्हणून किती नावं नोंदली हे बघू नका. पहिल्या वर्षाच्या सेलमध्ये तुमच्यासारखे हजार जण 99 ला घेतात. दुसऱ्या वर्षी त्यातली किती टिकली आणि त्यावर किती खऱ्या वेबसाइट चालतात ते बघा. बस स्टँडवर किती बोर्ड लावले यापेक्षा किती गाड्या थांबतात ते महत्त्वाचं.

बुल_रन
तरी एआय वेगळं आहे, बघाल तुम्ही. दोन वर्षांनी या धाग्यावर येतो.

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
या, मी असेन. फक्त एक लक्षात ठेवा, दोन अक्षरांचं शेपूट देशाचं असतं आणि आपला त्या देशावर काही हक्क नसतो. डॉट आयओ घ्या, सगळ्या स्टार्टअपवाल्यांचं लाडकं. ते हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं, ब्रिटनच्या ताब्यातल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये ब्रिटननं ती मॉरिशसला द्यायचं जाहीर केलं, मे 2025 मध्ये करारावर सह्या पण झाल्या. देशांच्या यादीतून तो कोड गेला तर शेपूट पाच वर्षांत गुंडाळायचा नियम आहे, मुदत वाढवून मिळू शकते. असं झालेलं आहे, युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू 2010 मध्ये बंद झालं. आणि उलटंही आहे, सोव्हिएत संघ जाऊन तीस वर्षं होऊन गेली तरी त्याचं डॉट एसयू अजून चालू. म्हणजे बुडेलच असं नाही म्हणत मी, पण विकत घेणारा हे विचारून भाव पाडणार.

सेतूवाला (वरुड)
हे बरोबर समजलं. आमच्या संत्र्याचं असंच झालं. 2019 पासून बांगलादेश आयात शुल्क वाढवत गेला, तिकडं ढाक्यात कोनी कागदावर सही केली अन इकडं आमच्या बगीच्याचा भाव पडला. आमचं काही चुकलं होतं का? झाड तेच, फळ तेच.

यंदाही आंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा अडून बसला हाये, फळगळ लय झाली, व्यापारी दोनदा येऊन फिरून गेला पण आकडा बोलत नाही.

पऱ्हाटी
कोळशी हाये का बगीच्यात?

सेतूवाला (वरुड)
थोडी हाये. फवारलं.

धागापाल
संत्र्याचा वेगळा धागा आहे, तिकडे जा 🙂

झाडीपट्टी
माझं एक सांगतो, यशोगाथा म्हणा. मी गोंदियाकडला. आमच्या भागात जंगलाला लागून एक जण होमस्टे काढत होता, त्याआधी दोन वर्षं मी त्या गावाचं नाव डॉट इन मध्ये घेऊन ठेवलं होतं, उगाच, गावावर प्रेम म्हणून. त्यावर चार फोटो अन नकाशा टाकला होता, कसं यायचं, गाडी कुठं थांबते, एवढंच. त्या माणसाला गूगलवर तेच सापडलं अन त्यानं फोन केला. मी 25,000 म्हटलं, तो 4,000 म्हटला, 9,000 वर तुटलं. खर्च माझा दोन वर्षांचा सतराशे. आता ह्यात भाव कसा काढला विचाराल तर काढलाच नाही, त्याला नवीन बोर्ड छापायचा होता अन त्याच्या बोर्डावर तेच नाव आधीच लिहिलेलं होतं म्हणून झालं.

माझे बाकीचे तीन तसेच पडून आहेत.

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
झाडीपट्टी, हाच खरा भाव. गावाचं नाव, डॉट इन, 850 रुपये भाडं आणि त्यावर काहीतरी खरं लिहिलेलं. मोठ्या विक्रीच्या बातम्या वाचून आपण भाव ठरवतो, पण जुन्या विक्रीची नोंद ठेवणाऱ्या नेमबायोसारख्या साइटवर विकलेलंच दिसतं, न विकलेलं दिसत नाही. नव्याण्णव जणांनी सोडून दिलेली नावं त्या यादीत नाहीत. तरी ती साइट बघाच, पण तेच शेपूट, तसाच शब्द, आणि गेल्या दोन-तीन वर्षांतलं असेल तरच धरा. डॉट फार्म टाकून बघा किती ओळी येतात आणि त्यात भारतीय शब्द किती.

आता सेतूवाला भाऊंच्या यादीतलं राहिलेलं पटापट.

ट्रॅक्टर कंपनीचं नाव आजच्या आज सोडा आणि कंपनीला 'घेता का' असा मेल चुकूनही करू नका. दुसऱ्याचा ट्रेडमार्क घेऊन त्यालाच विकायला जाणं हाच तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. 1999 पासून यूडीआरपी नावाची व्यवस्था आहे, कंपनी 1,500 डॉलर भरून तक्रार करते आणि नाव काढून नेते, तुम्हाला दमडी मिळत नाही. डॉट इनला आपल्याकडे वेगळी आयएनडीआरपी आहे, 2005 पासून.

बँकेचं नाव, तेच. शिवाय ते गिऱ्हाईकच आता राहिलं नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला लावलं, आणि ते नाव फक्त बँकेलाच मिळतं, तुम्हा-आम्हाला घेताच येत नाही. तुम्ही दिवाळीत नाव घेतलं तेव्हा गाडी निघून गेली होती.

सेतूसेवा पण सोडा. लोकांना सरकारी वाटेल, उद्या कोणी विचारलं तर डोक्याला ताप. सहा आकडी नंबर 100 रुपयात का मिळाला, तर एक्सवायझेडवाल्यांनी सहा ते नऊ आकडी नंबर एक डॉलरच्या आत ठेवलेत, त्यामुळे घेणाऱ्याला दुसरा नंबर पण तेवढ्यातच मिळतो. मुलाला प्रॅक्टिसला द्या.

फार्म आणि शॉपचे आठही माझ्या मते सोडा. वरुडसंत्रा डॉट इन ठेवा.

हळदुली
आणि डॉट भारत? तिथं मराठीतच लिहिता येतं ना, म्हणजे स्पेलिंगची भानगडच नाही. संत्रा डॉट भारत, हळद डॉट भारत.

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
ताई, वाचायला सगळ्यात सुंदर तेच आहे. 2014 पासून देवनागरीत मिळतं, मराठी धरून. घरची वेबसाइट म्हणून जरूर घ्या. पण विकायचं म्हटलं तर अडचण अशी की आत ते वेगळ्याच इंग्रजी अक्षरांत साठवलेलं असतं, कॉपी करून चिकटवलं की कधीकधी एक्सएन डॅश डॅश करून भलतंच काहीतरी दिसतं आणि समोरचा म्हणतो व्हायरस आहे. त्यावरचा ई-मेल तर कितीतरी फॉर्म घेतच नाहीत. म्हणून विकत घेणारा सापडणं कठीण. मला स्वतःला याचं वाईट वाटतं.

सेतूवाला (वरुड)
आमच्या पोर्टलवर तर साधा ई-मेल घेत नाही कधी कधी. बरं सोडायचं म्हणजे काही करा लागते का, का तसंच राहू द्यायचं?

दर्यापूरकर (सध्या हिंजवडी)
ऑटो रिन्यू बंद करा, प्रत्येक नावाचं वेगळं. आपल्याकडे 15,000 च्या आतलं ऑटो डेबिट ओटीपी न मागता कटतं, आधी एक मेसेज येतो तेवढाच, आणि तुमचे तर तीन-तीन हजाराचे तुकडे आहेत. मुदत संपल्यावर विक्रेत्याप्रमाणे काही दिवस, फार तर दीड महिना, साध्या पैशात परत घेता येतं, त्यानंतरचे 30 दिवस भारी दंड भरून, मग 5 दिवसांनी सुटतं. त्या काळात 'तुमचं मौल्यवान नाव चाललं' असे रोज मेल येतील. घाबरू नका.

आणि कधी खरंच कोणी घेणारा आला तर पैसे आधी मध्यस्थाकडे जमा, मग ट्रान्सफरचा कोड. कोड आधी देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

सेतूवाला (वरुड)
चार दिवसानं लिहून राह्यलो. बारा सोडले. ऑटो रिन्यू बंद करताना प्रत्येक वेळी 'तुम्हाला खात्री आहे का' विचारते, बारा वेळा हो म्हटलं. वरुडसंत्रा डॉट इन ठेवलं, त्याच्यावर आमच्या गावातल्या सात जणाच्या बगीच्याचे फोटो टाकले, कोणाचा मृग अन कोणाचा आंबिया, झाडं किती, फोन नंबर. सातही जणाले विचारून टाकले.

अन संत्रा डॉट फार्म पण ठेवलं. दर्यापूरकर भाऊ रागावू नका. 3,200 गेले. पटलं नाही तरी एक साल ठेवून पाह्यतो, माणसाचं मन हाये.

तो सर्टिफिकेटवाला अजून मेल करून राह्यला, आता म्हणे 60 डॉलरमध्ये करून देतो, तुमच्यासाठी सूट.

पऱ्हाटी
त्याले म्हणा ये वरुडले, संत्रं खाऊ घालतो.

अन बगीच्याचा काय झाला सौदा?

सेतूवाला (वरुड)
आज सकाळी तिसऱ्यांदा आला होता व्यापारी. बुढा बाजेवरून उठलाच नाही. उद्या येतो म्हणे.